हसण्याआधी

स्टुलाच्या रेक्झिनला मधोमध चीर गेली होती आणि तिच्यातून पिवळा फोम डोकावत होता... फोम म्हणजे पिणार, पिऊन धरून ठेवणार, आणि आपण गेल्यावर पुढे बसणाऱ्याला सगळं सांगणार – असं मनात आलं आणि टेकता टेकता ती परत उभी राहिली. काचेपलीकडून दिग्दर्शकाचा आवाज कानात आला, "ताई, बसून करा ना. तुम्ही नेहमी बसूनच हसता."

नेहमी. कार्टूनमधली चेटकीण हसते ते हसू तिचं होतं. पडद्यावर कुठलीही बाई पोट धरून हसायची असली, की स्टुडिओतून हिलाच बोलावणं यायचं. लोकांचं पोट राबण्यावर चालतं, माझं हसण्यावर, असं ती सांगायची आणि सांगतानाही हसायची. आणि आता हसताना लघवीचे थेंब गळत होते. आधी शिंकताना, मग खोकताना, मग जिना चढताना, आणि मग हसताना – नेमकं हसतानाच! आत पॅड होतं, अंगावर काळे कपडे होते, तरी जिवाला स्वस्थता नव्हती.

व्यायाम शिकवणारी फिजिओथेरपिस्ट तिच्या लेकीच्या वयाची. "काकू, लघवी रोखताना आवळतो ना, तो स्नायू. आवळायचा, धरायचा, सावकाश सोडायचा. पोट नाही, मांड्या नाहीत, आणि श्वास तर मुळीच कोंडायचा नाही. खोकला येतोय असं वाटलं, की खोकण्याआधी आवळायचा."

"आणि हसू येतंय असं वाटलं की?"

"तेच. हसण्याआधी."

अगं, येण्याआधी कळलं तर ते हसू कसलं... पण शिकले. भाजी चिरताना, सिग्नलला थांबल्यावर, दात घासताना आवळत राहिले, कुणाला पत्ता नाही. चहा कमी केला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ऑपरेशनची घाई नको, आणि एक मऊ रिंगही दाखवली – गळती अडावी म्हणून कामाला जाताना आत बसवायची, घरी येऊन काढायची. बघते म्हटलं, आणि बघायचं टाळलं. तशी व्यायामाने शिंक जमली, जिना जमला. हसणं मात्र लांबत जातं, आणि स्नायू मधेच दमतो. त्याला अजून काही महिने लागतील, असं ती मुलगी म्हणाली होती. चेटकीण काही महिने थांबणार नव्हती.

रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला. तिने आवळलं आणि हसली.

"छान आहे, पण... घशातून येतंय ताई. पोटातून नाही."

पुन्हा हसली. पुन्हा घशातून. आवळलं तर हसू कोरडं, सोडलं तर आपण ओल्या. इकडे आड, तिकडे विहीर – म्हणजे दोन्हीकडे पाणीच, असं सुचून तिला खरंच हसू यायला लागलं आणि तिने घाईघाईने ओठ मिटले.

घरी ती असेच ओठ मिटून घ्यायची. हसू कामापुरतं राखून ठेवायचं, असं तिने ठरवलं होतं. नवरा जेवताना त्याच्या साहेबांची नक्कल करायचा, पाणी पितानाही फोनवर 'येस सर' म्हणणाऱ्या साहेबांची, आणि ही ताट उचलून आत जायची. एकदा त्याने नक्कल अर्ध्यावरच सोडली. "शिळा झाला वाटतं माझा माल," असं म्हणाला आणि टीव्ही लावला. तेव्हापासून जेवताना टीव्हीच. मी 'नाही हो' एवढंसुद्धा म्हटलं नाही... तोंड उघडलं असतं तर फुटलंच असतं.

"ताई, एक जुनं ऐकवतो. ओळखता का या बाईंना? असं हवंय."

कानात कुणीतरी हसायला लागलं. आधी खुदकन, मग अडवता अडवता सुटलेलं, धाप लागलेलं, शेवटी नाकातून घुर्र झालेलं, आणि मागे स्टूल करकरत होतं. किती निर्लज्ज हसते ही बाई, असं वाटून गेलं आणि मग ओळख पटली. सवतीचं ऐकावं तसं ती स्वतःला ऐकत राहिली. आणि मग तेही आठवलं – त्या दिवशीसुद्धा हसू येत नव्हतं, म्हणून तिने डोळे मिटून साहेबांना आठवलं होतं, पाण्याचा पेला, 'येस सर', नवऱ्याच्या मिशीवरून ओघळलेलं पाणी. म्हणजे ते हसू त्याचं होतं. कितीतरी वेळा त्याचंच होतं, आणि हे त्याला कधी सांगितलंच नव्हतं.

"जमेल ना?"

दिवा लागलेला होता. दार बंद, आणि माइक तिचा श्वाससुद्धा टिपत होता. घरी जाऊन सांगायचं तर कुठून सुरू करायचं... थेंबांपासून? डॉक्टरीणबाईंपासून? तोंडाशी आलं ते निराळंच – तुमचा माल शिळा झाला नव्हता हो. ते मनात म्हणताना पोटातून काहीतरी वर चढू लागलं, आणि आता हसू येणार की रडू, हे तिचं तिलाच कळेना.