हाकेवाडी

ऋतुजा नारायण पेठेतली. तिन्हीसांजेला अनोळखी हाक आली तर ओ द्यायची नाही, हे तिला लहानपणापासून पढवलेलं. लग्न होऊन ती वारज्यापलीकडे, मुठेकाठच्या हाकेवाडीत आली. वाडीची शेतं बिल्डरनं घेतली होती, गोठ्यांच्या जागी टॉवर उभे होते. पहिल्याच आठवड्यात तिनं पाहिलं, दिवेलागणीला सासूबाई सातव्या मजल्याच्या गॅलरीतून नदीकडे तोंड करून ओरडत होत्या, "ओऽ! हाय गं मी, हितंच हाय!"

"आईचं रोजचंच आहे, इग्नोर कर," तिचा नवरा पृथ्वीराज लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाला.

ऋतुजानं सासूबाईंनाच विचारलं.

"पटकीची साथ आली तवा आपली माणसं गाव सोडून नदी उतरली," सोजरबाई म्हणाल्या. "चंद्रभागा म्हणून एक बाई व्हती. तिची धाकटी पोर आजारी. तिला कुणी संगं घेऊ दिली न्हाय, पल्याड झाडाखाली ठिवली. सांजच्याला पोर हाका मारायची, आई ह्या काठावरनं ओ द्यायची. मग पूर आला. पोर गेली, पर हाक काय थांबली न्हाय. बाई हितनं हलंना, म्हून बाकीचीबी हितंच ऱ्हायली. तीच ही हाकेवाडी."

"आणि ओ नाही दिली तर?"

"मग ती बघाया येती, आई कुठं गेली म्हून."

श्रावणात सोजरबाईंना अर्धांगवायूचा झटका आला, वाचा गेली. हॉस्पिटलातून घरी आणलं त्या संध्याकाळी नदीकडून बारीक आवाज आला, "आयेऽ!" ऋतुजानं खिडकी लावून घेतली. दुसऱ्या दिवशी तोच आवाज पार्किंगमधून आला. मग जिन्यातून. पृथ्वीराजला काहीच ऐकू येत नव्हतं.

आणि एका संध्याकाळी हाक थेट दाराबाहेर आली. अंथरुणावरच्या सोजरबाई चांगल्या हातानं दाराकडे खुणा करत होत्या, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. ऋतुजा दाराला टेकून उभी राहिली.

"ओ," ती कसंबसं म्हणाली. "आहे गं मी. जा बाळा, तिथंच थांब."

बाहेर कुणीतरी हुंदका गिळला. इवली पावलं जिना उतरत गेली.

दिवाळीनंतर सोजरबाई वारल्या. पृथ्वीराजला न्यू जर्सीचं प्रोजेक्ट मिळालं, दोघांचे व्हिसा आले. ऋतुजा येत नाही म्हणाली.

"अगं, पण इथे आता तुझं आहे कोण?" तो चिडला.

दिवेलागण झाली होती; ती गॅलरीत गेली आणि नदीकडे तोंड करून उभी राहिली. तो एकटाच गेला.