केस मोकळे सोडून यावे

शिवणकारखान्यातल्या कारकुनाला सगळे ‘डिक्शनरी’ म्हणत, आणि त्याला ते मनापासून आवडायचं. परदेशी मालकीणबाईंचं इंग्रजी त्याच्याशिवाय कुणालाच कळत नसे.

कारखान्याला दहा वर्षं झाली तेव्हा बाईंचं पत्र आलं. शनिवारी दुपारी काम बंद, खाणं, गाणी. शेवटचं वाक्य केसांबद्दल होतं. ते त्याला जरा विचित्रच वाटलं, पण कुणाला विचारावं तर आपली शान काय राहिली? शब्दाला शब्द लावून त्याने फळ्यावर लिहिलं, ‘सर्व महिलांनी केस मोकळे सोडून यावे.’

बायका खूश झाल्या. काजांच्या मशीनवरच्या आक्का तेवढ्या त्याच्या टेबलाशी आल्या. आजारपणात गेलेले त्यांचे केस परत आलेच नव्हते.

“भाऊ, मी रुमाल बांधून आले तर चालेल का हो?”

त्याने मानही वर केली नाही. “बाईंचा हुकूम आहे, आक्का. मी कोण बदलणारा?”

शनिवारी कार्यक्रमाला आलेल्या बाईंनी त्याला विचारलं, सगळ्यांचे केस असे का? त्याने ऐटीत पत्र दाखवलं. बाई पोट धरधरून हसल्या. पूर्वी आमच्याकडच्या बायका चारचौघांत केस पिनांनी वर बांधून वावरायच्या, त्या म्हणाल्या. घरी येऊन पिना काढल्या की कुठे जिवाला मोकळं वाटायचं. तेव्हापासून ‘केस सोडा’ म्हणजे दडपण सोडा, मजा करा. “सांगा ना त्यांना!”

तो बायकांकडे वळला. “बाई म्हणतात, सगळ्या फार छान दिसताय.”

टाळ्या पडल्या. काजांच्या मशीनवरच्या बायकांत आक्का नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो आक्कांच्या दारात गेला. त्यांनी घाईघाईने डोक्यावर रुमाल ओढला.

“तसं पत्रात नव्हतंच, आक्का. मला अर्थच कळला नव्हता.”

“मग विचारायचं कुणाला तरी.”

“लाज वाटली.”

“आणि मी तुम्हाला विचारायला आले, तेव्हा मला वाटली नसेल?”

आक्कांनी दार लावून घेतलं.

सोमवारी बायका आत येत असताना त्याने फळ्यावर खरा अर्थ लिहिला, आपली चूक लिहिली, बाईंचं बोलणं आपण फिरवलं तेही लिहिलं आणि खाली सही केली. बायकांत खसखस पिकली. आक्का फळ्यापाशी थांबल्या. शेवटच्या ओळीपर्यंत त्यांनी वाचलं आणि मशीनवर जाऊन बसल्या. खडू हातात धरून तो तिथेच उभा राहिला, कानशिलं तापलेली, घंटा होईपर्यंत.