कोचचा पट्टा धरणारा माणूस

आमच्या अलाबामातल्या कॉलेजात अमेरिकन फुटबॉलचे कोच टिडवेल यांचा कंबरेचा पट्टा मागून धरायला ड्वाइट नावाचा माणूस पगारावर होता. सामना रंगला की कोच सीमारेषा ओलांडून पंचाच्या अंगावर धावायचे आणि शिक्षा संघाला व्हायची. "आज माझा पाय रेषेपलीकडे पडला तर तुझी नोकरी गेली," असं त्यांनी अंतिम सामन्याच्या सकाळीच ड्वाइटला बजावलं होतं.

शेवटचे काही सेकंद उरले होते. आम्ही दोन गुणांनी मागे होतो. घड्याळ थांबलं असतं तर एका किकचे तीन गुण मिळवून जिंकलो असतो. टाइमआउट मागायला कोच पंचाकडे धावले. ड्वाइटने इमानेइतबारे असा हिसका दिला की साहेब बाकावर उताणे. घाबरून टाइमआउटची खूण मग त्यानेच केली.

"बाकावरून टाइमआउट फक्त मुख्य कोचनं मागायचा," पंच म्हणाला. "ते कुठं आहेत?"

तेवढ्यात वेळ संपली.

पत्रकारांना कोच म्हणाले, "पंच आंधळा आहे." आत येऊन ड्वाइटला म्हणाले, "मी सांगितलं म्हणून ओढलंस? तुला स्वतःची अक्कल नाही?"

कॉलेजने पंचाविरुद्ध तक्रार केली आणि ड्वाइटला नारळ दिला. रविवारी चर्चमध्ये अख्ख्या गावाने कोचच्या कंबरेसाठी प्रार्थना केली.