सहा आसनांची मोटरबोट

मी सहा आसनांची मोटरबोट बोलतेय. तळ्याच्या धक्क्याला बांधलेली, ताडपत्रीखाली. ऐकायला कुणी आहे की नाही, ठाऊक नाही.

याच तळ्याकाठी बोटवाल्याच्या आवारात माझ्या शेजारी एक धाकटी होती, दोन आसनांची. निवृत्त प्राध्यापक बायकोला घेऊन आम्हाला पाहायला आले. तिच्यात बसले, माझ्यात बसले, पुन्हा तिच्यात जाऊन बसले.

बाई म्हणाल्या, "अहो, मी चपला घेताना एवढा वेळ लावला तर दुकानाबाहेर जाऊन उभे राहता."

"अगं, धाकटी घेतली तर लेकीला वाटेल, आपण त्यांना धरलंच नाही."

"आणि ते आलेच नाहीत तर?"

"येतील गं."

मग त्यांनी माझ्यातल्या जागा वाटल्या. इथे लेक, तिथे जावई, मागे नातवंडं. कोरड्या जमिनीवर उभी असूनही मी भरून गेले.

प्राध्यापकांनी इंजिनावरची पुस्तकं वाचली होती. पण मला धक्क्याला लावायला दोन माणसं लागतात, एक सुकाणूवर आणि एक दोर घेऊन उतरायला, याचा विचार त्यांनी केला नाही. ते दोघं होतेच ना.

दोर बाई धरायच्या. "अहो, हळू. मला धक्क्यावर उतरायचंय, धक्क्याखाली नाही." लेक-जावई एकदाच आले. फोटो काढले, मुलांना ऊन लागतंय म्हणून लगेच उतरले.

पुढे बाई वारल्या.

आता प्राध्यापक दुपारी येतात. ताडपत्री काढतात, सगळी आसनं पुसतात, सुकाणू धरून बसतात. इंजिन सुरू करत नाहीत.

काल बोटवाला आला. "सर, ती धाकटी परत आलीय माझ्याकडे. एकट्याला झेपेल. हिच्या बदल्यात घेऊन जा."

प्राध्यापकांनी लेकीला फोन लावला. "तुम्ही येणार असाल तर मोठीच ठेवतो... हो, हो, परीक्षा आहेत. नाही गं, घाई कसली."

फोन खिशात ठेवून ते म्हणाले, "राहू दे हीच. येतील कधीतरी."

"आणि तोवर तुम्ही पाण्यात जायचंच नाही?"

ते ताडपत्रीच्या गाठी बांधत राहिले.

मला ठेवून घेतलं, याचा आनंद व्हायला हवा होता. रात्रभर विचार केला, झाला नाही. सर, मला देऊन टाका. धाकटीला घेऊन पाण्यात जा. मला तिचा हेवा वाटेल, वाटू दे. मी बोटवाल्याच्या धक्क्याला असेन. तुम्ही जवळून गेलात तर तुमच्या लाटेनं जराशी हलेन. मला तेवढं पुरे.