तिसरा गोल

भर उन्हाळ्यात मनगटापर्यंत बाह्या. आईच्या.

आरशाखाली दोन कंगवे. एकाला लाल दोरा.

सकाळी कात्रीभोवती न मिटणारी मूठ. माझी.

ताईच्या डोक्यावर बटणाएवढी गुळगुळीत जागा. मग दुसरी. मग तिसरी.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर गोल काढला. "या तुम्ही. सांधे." त्याच्या वर आणखी एक. "या आई. कोड. लपवायच्या?"

"कपडे मीच शिवायचे. बाह्या लांब ठेवायचे."

"आणि बहीण?"

त्यांनी शेजारी तिसरा गोल काढला, रिकामा.

"ताईला चाई पडली होती. अकरा वर्षं झाली. पुढचं माहीत नाही."

"तिघींचे आजार वेगळे, पण नातं आहे त्यांचं," त्या म्हणाल्या. "शरीराची राखण करणारेच शरीरावर उलटतात. त्यामागची काही जनुकं या आजारांत सारखी सापडतात. घरात असली म्हणजे प्रत्येकाला होतंच असं नाही. पण ताईंना थायरॉइड तपासायला सांगा."

"म्हणजे चाई लागट नसते?"

"छे. कधीच नाही."

पर्समधली मापाची टेप मी बोटाला गुंडाळत राहिले. लाल दोरा मी बांधला होता. ताईचा कंगवा वेगळा ओळखू यावा म्हणून. तिनं तो पाहिला. आठवड्याच्या आत दुसरीकडे खोली घेतली.

नंबर पाठ होता. बाहेर येऊन लावला.

"कोण?"

"मी."

पलीकडे नळ बंद झाला.

"आहेस म्हणायची."

"ताई, थायरॉइड तपासून घे. आणि ते लागट नव्हतं. आपल्या घरातलंच आहे. डॉक्टर म्हणाल्या."

"मला तेव्हाही ठाऊक होतं. तू ऐकणार होतीस? शिवता शिवता डॉक्टर झाली होतीस तू."

मला हसू आलं.

"माझं सोड. तू कशाला गेलीस डॉक्टरकडे?"

"सकाळी मूठ मिटत नाही."

"मग वेणी कोण घालतं तुझी?"

"कापले केस."

फोन मी दुसऱ्या हातात घेतला.

"ताई, येशील?"

"बघते," ती म्हणाली. "आता ठेव. तू आधी ठेव."

मी ठेवला नाही. तिनंही नाही.

चाई पडायच्या आधी आमच्या घरात एकच कंगवा होता.