म्हातारीने दुसऱ्यांदा विचारलं नाही

नागपूरच्या घरात वाढलेल्या माणसाला पहिल्याच विचारण्यात 'हो' म्हणणं जमत नाही. यजमानाने वाढायला यायचं, आपण ताटावर हात आडवा धरून 'नको, नको' करायचं, त्याने गळ्याची शपथ घालायची आणि मग आपण उपकार केल्यासारख्या दोन पुरणपोळ्या हाणायच्या. यतीन या शाळेतला पहिला नंबर होता. ही विद्या टेक्सासात चालत नाही, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

ते काम एका व्हिडिओ गेमने केलं. शनिवारी दुपारी यतीन टेक्सासातल्या अर्विंग शहरातल्या आपल्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर बसून राक्षस आणि जादूगारांच्या राज्यात हिंडत होता. शेजारी त्याची बायको कादंबरी बसली होती. ती जर्सी सिटीत नोकरी करते आणि महिन्यातून एकदा संसार करायला विमानाने येते. गेममध्ये एका गावावर दरोडेखोर टपले होते. पण यतीन गावातल्या क्वेस्ट, म्हणजे गेमने नेमून दिलेल्या कामगिऱ्या, सोडून आधी नदीकडे धावला, कारण तिथे मंतरलेली तलवार मिळणार होती. नदीकाठच्या म्हातारीने ती पुढे केली. यतीनने साळसूदपणे उत्तर निवडलं: 'नको आजी, तुमच्याकडेच राहू द्या.'

म्हातारी 'बरं' म्हणाली आणि झोपडीत गेली. यतीन दाराशी ताटकळला. दार काही उघडेना. शेवटी तो गावाकडे वळला, तर तलवार म्हातारीने झोपडीच्या मागच्या दाराने आलेल्या दरोडेखोराला देऊन टाकलेली. गाव जळून खाक. तिथल्या सगळ्या क्वेस्ट रद्द, आणि गेमने मधेच आपोआप सेव्ह केल्यामुळे मागे फिरायची सोयही नाही.

"काय फालतू गेम आहे यार! एकदा तरी परत विचारायला नको?"

"हवी होती तर घ्यायची ना," कादंबरी हसत म्हणाली. "आणि आधी गावात गेला असतास, तर निदान माणसं तरी वाचली असती."

"पहिल्या झटक्यात कोण हो म्हणतं? काल नीनाला तरी मी कुठे म्हटलं?"

नीना त्याची मॅनेजर, जन्मापासून टेक्सासची. कादंबरीचं हसू थांबलं. "नीनाने काय विचारलं?"

"जर्सी सिटीच्या टीमचा लीड होशील का म्हणून. मी म्हटलं, नो नो, माझ्यापेक्षा सीनियर लोक आहेत. सोमवारी विचारेल परत."

लग्न झाल्यापासून दोघं याच एका बदलीकडे डोळे लावून बसले होते.

"यतीन, आत्ताच्या आत्ता मेल कर तिला. हो म्हणून सांग."

"आपणहून मागायचं? बरं दिसतं का ते?"

बरं दिसावं म्हणून त्याने मेल केला नाही. गेम मात्र पहिल्यापासून सुरू केला. रविवारी कादंबरी एकटीच टॅक्सीने विमानतळावर गेली, तोवर नव्या खेळात आजीचं वाक्य संपायच्या आत तलवार घेण्याइतकी त्याची प्रगती झाली होती.

सोमवारी मीटिंगमध्ये नीनाने लीड म्हणून टीममधल्या देवांगचं नाव जाहीर केलं. देवांगला तिने सकाळीच विचारलं होतं आणि तो लगेच येस म्हणाला होता. मग ती मुद्दाम यतीनपाशी आली. इतकं स्वच्छ 'नाही' म्हणणारी माणसं हल्ली मिळत नाहीत, असं सांगून तिने त्याचे मनापासून आभार मानले. तो "यू आर वेलकम" म्हणाला.

पार्किंगमध्ये गाडीत बसून त्याने कादंबरीला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"मी येतो या शनिवारी," तो म्हणाला. "तिकीट काढू?"

"नको." ती म्हणाली. "नको येऊस तू."

या नकोत काय होतं, ते नागपुरातल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण यतीन आता शहाणा झाला होता. नको म्हणजे नको, समोरच्याच्या शब्दाचा मान ठेवायचा, हे तो ठेच खाऊन शिकला होता.

"बरं," तो समजूतदारपणे म्हणाला.

पलीकडे ती थोडा वेळ थांबली. यतीनही आदराने गप्प राहिला. मग फोन बंद झाला, आणि आपण बायकोचं पहिल्यांदाच नीट ऐकलं, या समाधानात त्याने गाडी सुरू केली.