शीतलची हौस

वामनरावांनी नळीच्या आतून नख फिरवलं. एका जागी ते अडकलं, तिथे त्यांनी अंगठा दाबून धरला.

"एकाच बाजूनं झिजलं आहे," ते म्हणाले. "दांडा वाकडा असेल."

"सरळ आहे, बाबा. तपासून घेतला. बोट घेण्याआधी कितीतरी वर्षं एकाच जागी बांधून पडली होती. लाटा त्याच बाजूनं लागायच्या."

"लाटा," वामनराव म्हणाले, आणि चष्मा कपाळावर चढवून त्यांनी ती मुठीएवढी गनमेटलची नळी उजेडाकडे धरली.

बुऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यातल्या घराच्या ओट्यावर सासरा-सून समोरासमोर बसले होते. नेपानगरच्या कागद कारखान्यात वामनरावांनी चौतीस वर्षं फिटर म्हणून काढली होती. समुद्र मात्र त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. शिडाच्या बोटीच्या सुकाणूचा दांडा ह्या बुशातून फिरतो, एवढं सुनेनं काल आल्या आल्या सांगितलं होतं आणि तेवढं त्यांना पुरलं होतं.

बोट तशी श्रीकांत आणि शीतल दोघांची, पण घरात सगळे ती श्रीकांतचीच म्हणत. तेहतीस फुटी, फायबरची, जुनी. पुण्यातल्या नोकऱ्या सांभाळून नवरा-बायको महिन्यातून एकदा गोव्यातल्या यार्डात जायची आणि तिचं एकेक काम उरकायची. लक्षद्वीपपर्यंत जायचं, पुढचं पुढे बघू, असं श्रीकांत दर दिवाळीला ह्याच ओट्यावर बसून सांगायचा. मागल्या वर्षी फेब्रुवारीत, ऑफिसला निघताना बुटाची नाडी बांधायला तो खाली बसला तो उठलाच नाही. चव्वेचाळीस वर्षांचा होता. मूलबाळ नव्हतं. शीतलनं बँकेतून बिनपगारी रजा काढली, यार्डाजवळ एक खोली घेतली आणि उरलेलं काम एकटीनं हातात घेतलं.

वर्षानुवर्षं पाणी पिऊन बोटीचा तळ फोडांनी भरला होता. तिनं ग्राइंडर घेऊन ते फोड एकेक करून खरवडून काढले. आता तळ पुरता सुकेपर्यंत त्याला हात लावायचा नव्हता. तीन-चार आठवडे नुसतं ऊन आणि वारा. तेवढ्यात बुऱ्हाणपूरला जाऊन येते, असं तिनं फोनवर कळवलं होतं.

दुसरं कारण कळवलं नव्हतं. बोट घ्यायला एक जण यार्डात येऊन गेला होता आणि रविवारी पुन्हा येणार होता. शीतलनं विकायचं ठरवलं होतं. विकायची तरी सुकाणू फिरायला हवं, म्हणून बुश आणला होता. विकतेय हे सांगायचं कसं, ते वाक्य तिनं गाडीत भुसावळपर्यंत चार तऱ्हांनी मनात म्हणून पाहिलं होतं.

दगाभाऊंचं वर्कशॉप लालबागच्या रस्त्याला होतं. पॉवरलूमचे सुटे भाग कातून द्यायचे, हाच त्यांचा धंदा. त्यांनी बुश तळहातावर घेऊन तोलला.

"हाई लूमचं नाही शे, भाऊ. कोठलं शे?"

"समुद्रातलं," वामनराव म्हणाले. "आपल्या श्रीकांतच्या नावेचं."

दगाभाऊंनी चालू लेथ बंद केला. मग हात पुसत ते बाजूला सरकले.

"मग तूच बस," ते म्हणाले. "माझा हात नको त्याला."

वामनरावांनी निवृत्त झाल्यापासून लेथला हात लावला नव्हता. चाक धरून त्यांनी ते आधी एकदा रिकामंच फिरवून पाहिलं. गनमेटलचा नवा तुकडा फिरू लागला, आणि पहिली सोनेरी साल निघाली. दोन तास ते वाकून होते. शीतल मागे स्टुलावर बसून त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. श्रीकांतही असाच डावा खांदा किंचित उचलून काम करायचा.

"ढिलाई किती ठेवू?" त्यांनी वळून विचारलं.

"कागद सरकेल इतकी."

"कोणता कागद? न्यूजप्रिंट की चांगला?"

हे बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. चौदा महिन्यांत तिनं ते पहिल्यांदा पाहिलं. तिच्या ओठांवर आलेलं वाक्य तिथेच राहिलं. घरी परतताना ते बुश रुमालात धरून चालत होते आणि वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला थांबून दाखवत होते. ह्यांना नाही सांगता येणार, आधी आईंना सांगू, असं तिनं ठरवलं.

तेही सोपं नव्हतं. श्रीकांत गेल्यापासून शोभाबाई तिच्याशी जेवणखाण सोडून दुसरं काही बोलल्या नव्हत्या. भांडण नव्हतं. फोन केला की त्या प्रकृती विचारायच्या आणि "हाव, ठेवते" म्हणून ठेवून द्यायच्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे गच्चीवर कुरडया घालायच्या होत्या. गव्हाचा चीक शिजवून शोभाबाईंनी पातेलं वर आणलं होतं. ऊन चढायच्या आत संपवायला हवं होतं. शीतलनं जुनं धोतर पसरून चारी टोकांना विटा ठेवल्या. दोघी बसल्या. शोभाबाई सोऱ्या दाबत गोल गोल फिरवत होत्या आणि शीतल चीक भरून देत होती. तिच्या तळहातांवर ग्राइंडरनं उठलेले घट्टे होते. शोभाबाईंची नजर तिकडे दोनदा गेली.

"आई," शीतल म्हणाली, "मी बोट विकतेय."

सोऱ्या फिरत राहिला.

"एकटीनं नाही होत माझ्याच्यानं. त्याचं स्वप्न होतं, मला पुरं करता आलं नाही. तुम्ही आणि बाबांनी मला माफ करा."

शोभाबाईंनी कुरडई पुरी केली. मग सोऱ्या मांडीवर ठेवून त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"त्याचं?" त्या म्हणाल्या.

शीतलला कळेना.

"त्याचं कुठे होतं? त्याला तर पाण्याची भीती. लहानपणी राजघाटावर नदीत कमरेच्या वर गेला नाही कधी." त्या सावकाश, एकेक शब्द शोधत बोलू लागल्या. "शेवटच्या दिवाळीला इथेच बसला होता, दिवे लावून झाल्यावर. मला म्हणे, आई, तळ दिसला नाही की माझ्या छातीत धडधडतं. मी म्हटलं, मग कशाला करतो? म्हणे, शीतलची हौस आहे. ती बोट बघायला गेलो तेव्हा ती जशी हसली ना, तशी तिला कधी हसताना पाहिली नव्हती. कोणाला सांगू नको म्हणे. नाही सांगितलं. ह्यांनाही नाही."

गच्चीच्या कठड्यापलीकडे कुठेतरी लूम सुरू झाले होते. शीतलनं हातातला चिकाचा गोळा परत पातेल्यात ठेवला.

दोघं ती बोट बघायला गेली तो दिवस तिला लख्ख आठवत होता. बोटीच्या मागच्या बाकावर पावसाचं पाणी साचलं होतं. न बघता ती त्यातच बसली, कमरेपासून खाली चिंब भिजली, आणि तिला हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ती हसली. वर पाहिलं तर श्रीकांत तिच्याकडे एकटक बघत उभा होता. "घ्यायची?" त्यानं विचारलं होतं. त्याच्या डोळ्यांतली ती चमक बघून, बोट ह्याला हवी आहे, ह्याला नाही म्हणवणार नाही, असं तिच्या मनात आलं होतं.

"वर्षभर मी तुझ्यावर राग धरला," शोभाबाई म्हणाल्या. "वाटायचं, त्या धडधडण्यानंच त्याला नेलं. देवासमोर बसले तरी हेच मनात. आता तू म्हणतेस त्याचं स्वप्न." मांडीवरचा सोऱ्या त्यांनी बाजूला ठेवला. "खरं सांग. तुझी हौस नव्हती?"

शीतल त्यांच्या हातांकडे बघत राहिली. चीक त्यांच्या बोटांवर वाळायला लागला होता. नाही म्हटलं असतं तर तो राग तिथेच निवळला असता. पण जन्मभर तो ज्या पाण्याला भीत होता, त्यात शिरायला तो कोणासाठी तयार झाला होता, ह्याचं उत्तरच उरलं नसतं.

"होती," ती म्हणाली. "माझीच हौस होती, आई."

शोभाबाईंनी मान हलवली. मग पदरानं डोळे पुसून त्या म्हणाल्या, "मग ठीक. फुकट नाही गेलं त्याचं."

खाली शीतलचा फोन वाजत होता. वामनरावांनी तो वर आणून दिला आणि ते पुन्हा उतरले. यार्डातले यादव बोलत होते. ओलाव्याचं मीटर लावून पाहिलं, तळ वाटला होता त्याआधीच सुकला. त्या पार्टीला रविवारचं नक्की सांगू का?

"नको," शीतल म्हणाली. "येऊ नका म्हणून सांगा. सोमवारी मी पोचते, मग प्राइमरला हात घालू."

शोभाबाईंनी ऐकलं. सोऱ्या उचलून त्यांनी तो तिच्यापुढे धरला, आणि तिनं चीक भरला.

"अकेली जाशील?"

"आधी किनाऱ्याकिनाऱ्यानं. कोणी माहीतगार सोबत घेईन. पावसाळा सरल्यावर."

दोन कुरडया झाल्या. ऊन शेजारच्या टाकीवरून त्यांच्या गच्चीत उतरलं.

"त्यात मळमळतं म्हणे फार," शोभाबाई म्हणाल्या. "त्याला व्हायचं?"

बोट फक्त एकदाच समुद्रात चालली होती. घेतल्यावर रत्नागिरीहून गोव्याला आणली तेव्हा, बोट चालवायला एक तांडेल सोबत घेऊन, दोन दिवस.

"व्हायचं," शीतल म्हणाली. "म्हणायचा, सकाळचे पोहे बाधले."

शोभाबाई हसल्या. हसता हसता त्यांचा चेहरा वाकडा झाला, त्यांनी तो खांद्यावर पुसला आणि पुन्हा सोऱ्या दाबायला घेतला.

"आणि तुला गं?"

तो डावीकडच्या कठड्यावरून वाकायचा तेव्हा ती उजवीकडच्या. दोन्ही दिवस. मग चूळ भरून दोघं एकमेकांकडे बघून हसायची.

"मला नाही होत," शीतल म्हणाली, आणि पातेलं आपल्याकडे ओढून तळाचा चीक खरवडून काढू लागली.